ग्रंथविक्रेत्याचा मुलगा : डॉ. सॅम्युअल जॉन्सन

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात लिचफील्ड नावाचे एक जुने गाव आहे. तेथील बाजारचौकाच्या कोपऱ्यावर मायकेल जॉन्सन नावाच्या ग्रंथविक्रेत्याचे दुकान होते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा त्या घरात १८ सप्टेंबर १७०९ रोजी सॅम्युअल जॉन्सनचा जन्म झाला. पुढे हा मुलगा इंग्रजी भाषेचा कोशकार, निबंधकार आणि शेक्सपिअरच्या नाटकांचा संपादक म्हणून सर्वत्र गाजला. परंतु चरित्र या वाङ्मयप्रकाराला त्याने जे रूप दिले, ते त्याच्या इतर कोणत्याही कामगिरीपेक्षा कमी मोलाचे नाही. या चरित्रलेखनाच्या प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी मुद्रक किंवा ग्रंथविक्रेता उभा असलेला दिसतो. अठराव्या शतकात इंग्रजी साहित्यिकांची चरित्रे कशी घडली, कोणाची लिहिली गेली आणि कोणाची राहून गेली, हे समजून घ्यायचे असेल तर जॉन्सनच्या आयुष्याइतकी चांगली वाट दुसरी नाही.

त्या काळी ग्रंथविक्रेता या शब्दात आजचा प्रकाशकही सामावलेला होता. लेखकाकडून हस्तलिखित विकत घेणे, कागदाचा व छपाईचा खर्च करणे, ग्रंथाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे ठेवणे आणि तयार पुस्तक दुकानात विकणे ही सारी कामे तोच करी. मोठ्या ग्रंथाचा खर्च एकट्याला झेपत नसे; म्हणून पाचदहा दुकानदार भागीदारीत उतरत आणि नफानुकसान वाटून घेत. राजेरजवाड्यांचा व सरदारांचा आश्रय ओसरत चालला होता आणि त्याची जागा हळूहळू हे दुकानदार घेत होते.

मायकेल जॉन्सन विद्याव्यासंगी होता, पण व्यवहारात कच्चा होता. एका सरदाराचा मोठा ग्रंथसंग्रह त्याने विकत घेतला आणि त्यात त्याचे भांडवल अडकून पडले ते कायमचेच. कातड्याचे लेखनपत्र तयार करण्याचा त्याचा जोडधंदाही तोट्यात गेला. आसपासच्या गावी बाजाराच्या दिवशी तो पुस्तकांचा ठेला मांडी. बापाच्या दुकानातील फळ्या हीच सॅम्युअलची पहिली पाठशाळा ठरली. भावाने वरच्या फळीवर सफरचंदे दडवली असावीत अशा समजुतीने तो एकदा वर चढला. सफरचंदे मिळाली नाहीत, पण पेत्रार्क या इटालियन कवीचा जाडजूड ग्रंथ हाती लागला आणि तो तेथेच वाचत बसला. बालपणी जडलेल्या गंडमाळेने त्याचा चेहरा विद्रूप झाला होता आणि एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. असा हा मुलगा पुस्तके अक्षरशः डोळ्यांशी धरून वाचीत असे.

१७२८ मध्ये तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. पैशाअभावी सुमारे वर्षभरातच त्याला पदवीवाचून परतावे लागले. घरी तो खिन्न व उदास अवस्थेत दिवस काढीत होता. याच सुमारास एके दिवशी आजारी बापाने त्याला उटॉक्सिटर गावच्या बाजारात ठेल्यावर येण्यास सांगितले. ऑक्सफर्ड पाहून आलेल्या तरुणाला बाजारात पुस्तके विकणे कमीपणाचे वाटले आणि त्याने नकार दिला. बाप एकटाच गेला. १७३१ च्या डिसेंबरात मायकेल जॉन्सन वारला. बापाच्या मालमत्तेतून सॅम्युअलच्या वाट्याला अवघे वीस पौंड आले. तो नकार मात्र त्याच्या मनात आयुष्यभर सलत राहिला.

ज्या धंद्याची त्याला लाज वाटली, त्याच धंद्याने त्याला पहिला घास दिला. बर्मिंगहॅमच्या वॉरेन नावाच्या ग्रंथविक्रेत्यासाठी त्याने लोबो या पोर्तुगीज धर्मोपदेशकाच्या अबिसीनियाच्या प्रवासवर्णनाचे भाषांतर अंगावर घेतले. काम सुरू झाले, पण जॉन्सनचा आळस आडवा आला. तेव्हा त्याचा मित्र हेक्टर याने एक युक्ती केली. हे काम पुरे होईपर्यंत मुद्रकाला दुसरे काम घेता येत नाही आणि त्या गरिबाच्या बायकामुलांची उपासमार होत आहे, असे त्याने जॉन्सनला सांगितले. ही मात्रा लागू पडली. जॉन्सन अंथरुणावर पडल्या पडल्या भाषांतर सांगू लागला आणि हेक्टर ते उतरवून घेऊन छापखान्यात पोचवू लागला. १७३५ मध्ये ते पुस्तक निघाले. मोबदला मिळाला पाच गिनी, म्हणजे पाच पौंड पाच शिलिंग.

त्याच वर्षी त्याने एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी विवाह केला आणि एक शाळा काढली. ती चालली नाही. १७३७ मध्ये आपला शिष्य डेव्हिड गॅरिक याच्यासह तो लंडनला आला. तेथे विलकॉक्स नावाच्या ग्रंथविक्रेत्याकडे त्याने लेखणीवर पोट भरण्याचा विचार बोलून दाखवला. विलकॉक्सने त्याचा दांडगा देह नखशिखान्त न्याहाळला आणि त्यापेक्षा हमालीचे सामान विकत घे, असा सल्ला दिला. पुढे जॉन्सनने या विलकॉक्सची गणना आपल्या चांगल्या मित्रांत केली.

लंडनमध्ये त्याला आधार मिळाला तो एडवर्ड केव्हचा. केव्ह हा मुद्रकाच्या हाताखाली तयार झालेला माणूस. १७३१ मध्ये त्याने ‘जंटलमन्स मॅगझीन’ हे मासिक सुरू केले होते. क्लार्कनवेल भागातील सेंट जॉन्स गेट या जुन्या वेशीच्या इमारतीत त्याचा छापखाना होता. मासिकाची पाने दरमहा भरावी लागत आणि वाचकांना थोरामोठ्यांच्या हकिकती आवडत. या गरजेतून जॉन्सन चरित्रलेखनाकडे वळला. व्हेनिसचा विद्वान सार्पी, हॉलंडचा वैद्य बोरहाव्ह, आरमारी सेनानी ब्लेक आणि ड्रेक यांची छोटी चरित्रे त्याने केव्हसाठी लिहिली. त्यांतील बरीचशी माहिती आधीच्या छापील ग्रंथांतून घेतलेली होती. तरीही माणसाच्या कर्तृत्वाइतकेच त्याच्या स्वभावाकडे पाहण्याची त्याची दृष्टी या उमेदवारीतच तयार झाली.

त्या काळात चरित्रांचा बाजार फारसा प्रतिष्ठित नव्हता. त्याला बऱ्याच अंशी कारण होता एडमंड कर्ल हा ग्रंथविक्रेता. कोणी नामांकित माणूस वारला की कर्ल वर्तमानपत्रांत जाहिरात देई, मृताविषयी ज्याच्याजवळ जे असेल ते पाठवण्याचे आवाहन करी आणि मृत्युपत्र, पत्रे, ऐकीव गोष्टी यांची मोट बांधून थोड्याच दिवसांत चरित्र विक्रीला ठेवी. कर्लमुळे मरणाच्या भयात आणखी एका भयाची भर पडली आहे, असे डॉ. आर्बथनॉट थट्टेने म्हणत. १७२८ मध्ये कर्लला भर रस्त्यात खोड्यात उभे राहण्याची शिक्षाही झाली. तथापि थोर सरदार किंवा धर्मगुरूच नव्हे, तर सामान्य स्थितीतील लेखकाचेही खासगी जीवन वाचण्यास लोक उत्सुक असतात, ही गोष्ट या बदनाम माणसाने बाजाराला दाखवून दिली होती.

याच बाजाराच्या धास्तीतून जॉन्सनचे पहिले मोठे चरित्र जन्माला आले. रिचर्ड सॅव्हेज हा कवी त्याचा लंडनमधील मित्र होता. आपण एका उमरावपत्नीचा अनौरस मुलगा असून आईने आपल्याला टाकून दिले, असे तो सांगे. एका मारामारीत माणूस मारल्याबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली होती आणि राजाच्या क्षमेने तो वाचला होता. खोलीच्या भाड्याला पैसे नसल्यामुळे या दोघांनी लंडनच्या चौकांतून फिरत रात्री काढल्या होत्या. १ ऑगस्ट १७४३ रोजी सॅव्हेज ब्रिस्टलच्या तुरुंगात कर्जदार कैदी म्हणून मेला. आता कोणीतरी त्याचे कल्पित चरित्र छापणार, हे उघड होते. त्याच महिन्यात केव्हच्या मासिकात एक निवेदन आले : मृताचा विश्वास संपादन केलेला माणूस त्याचे चरित्र लिहीत आहे, तेव्हा वाचकांनी बनावट चरित्रांपासून सावध राहावे. जॉन्सनने घाईने लेखन केले. अठ्ठेचाळीस छापील पृष्ठांचा मजकूर त्याने रात्रभर जागून एका बैठकीत लिहिला. डिसेंबरात केव्हने पंधरा गिनी दिल्या आणि १७४४ च्या फेब्रुवारीत पुस्तक बाहेर पडले.

त्या घाईचे गुणदोष दोन्ही त्यात उतरले आहेत. सॅव्हेजच्या जन्माची हकिकत जॉन्सनने पारखून घेतली नाही. मित्राचे सांगणे आणि १७२७ मध्ये छापलेली एक पुस्तिका यांवर त्याने भिस्त ठेवली. त्या दाव्याला पुरावा आजवर मिळालेला नाही. परंतु मित्राचे दोष न लपवता, त्याची उधळपट्टी, मानीपणा व कृतघ्नता स्पष्ट सांगूनही वाचकाच्या मनात त्याच्याविषयी करुणा उत्पन्न करणे हे त्यापूर्वीच्या चरित्रकारांना क्वचितच साधले होते. वॉल्टर हार्ट नावाच्या गृहस्थाने केव्हच्या घरी जेवताना या पुस्तकाची स्तुती केली. फाटक्या कपड्यांमुळे जॉन्सन त्या वेळी पडद्याआड बसून जेवत होता. बाहेर चाललेली स्वतःची प्रशंसा त्याने तेथूनच ऐकली.

ग्रंथविक्रेत्यांशी त्याचे सारेच संबंध गोड होते असे नाही. ऑस्बर्न नावाच्या व्यापाऱ्याने अर्ल ऑफ ऑक्सफर्डचा प्रचंड ग्रंथसंग्रह विकत घेतला होता आणि त्याच्या सूचीचे काम जॉन्सनकडे होते. जॉन्सन काम सोडून वाचत बसतो म्हणून ऑस्बर्नने अपशब्द वापरले. तेव्हा जॉन्सनने त्याला बदडून काढले. उलट रॉबर्ट डॉड्स्ली या ग्रंथविक्रेत्याने त्याला इंग्रजी कोशाची कल्पना सुचवली. १७४६ च्या जूनमध्ये डॉड्स्ली, मिलर, लाँगमन आदी भागीदारांशी पंधराशे गिनींचा करार झाला. विल्यम स्ट्राहन मुद्रक होता. गफ स्क्वेअरमधील घरात सहा लेखनिकांसह काम चालले. लॉर्ड चेस्टरफील्डकडून आश्रयाची अपेक्षा होती, पण वर्षानुवर्षे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. कोश पुरा होत आल्यावर मात्र त्याने स्तुतिपर लेख लिहिले. जॉन्सनने पत्र लिहून ही उशिराची कृपा नाकारली. १५ एप्रिल १७५५ रोजी दोन खंडांचा तो कोश प्रसिद्ध झाला. त्याचा खरा आश्रयदाता कोणी उमराव नव्हता. ते दुकानदारच होते. त्यांच्या औदार्याबद्दल जॉन्सन पुढेही आदराने बोलत असे.

कीर्ती मिळाली, पण गरिबी हटली नाही. १७५६ मध्ये सहा पौंडांहून कमी रकमेच्या कर्जासाठी त्याला अटक झाली, तेव्हा मुद्रक आणि कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसन याने पैसे पाठवून त्याला सोडवले. १७५९ मध्ये आई वारली; तिच्या अंत्यविधीसाठी आणि तिच्या लहानसहान देण्यांसाठी त्याने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून ‘रासेलस’ ही कथा लिहिली. १७६२ मध्ये राजाकडून वार्षिक तीनशे पौंडांचे निवृत्तिवेतन सुरू झाले, तेव्हा कोठे ही ओढाताण संपली. पुढच्याच वर्षी, १६ मे १७६३ रोजी, टॉमस डेव्हिस या नटाचा ग्रंथविक्रेता झालेल्या गृहस्थाच्या दुकानामागील खोलीत जेम्स बॉझवेल या स्कॉटिश तरुणाची व त्याची पहिली भेट झाली. इंग्रजीतील सर्वांत प्रसिद्ध चरित्राचे बीज अशा रीतीने एका पुस्तकांच्या दुकानातच पडले.

यानंतरची मोठी घटना न्यायालयात घडली. १७१० च्या कायद्याने ग्रंथाच्या स्वामित्वहक्काला मुदत घातली होती. तरीही हा हक्क कायमचाच आहे, असे लंडनचे ग्रंथविक्रेते मानत. जुन्या कवींच्या ग्रंथांतील हिस्से ते आपसांत जमिनीच्या तुकड्यांप्रमाणे विकत आणि वारसाहक्काने देत. २२ फेब्रुवारी १७७४ रोजी उमरावांच्या सभागृहाने डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात हा कायमचा हक्क अमान्य केला. मुदत संपलेले कवी आता कोणालाही छापण्यास मोकळे झाले. जॉन बेल या धडाडीच्या ग्रंथविक्रेत्याने एडिंबरोच्या एका छापखान्याशी ठरवून इंग्रजी कवींची स्वस्त, छोटेखानी माला काढण्यास सुरुवात केली. पुढे तिचे शंभरावर खंड झाले. लंडनच्या दुकानदारांचे धाबे दणाणले. त्यांच्यातील सुमारे चाळीस प्रमुख एकत्र जमले. बेलच्या मालेतील टाइप बारीक आहे आणि छपाईत चुका आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. आपण सुबक, शुद्ध आवृत्ती काढावी आणि प्रत्येक कवीच्या आरंभी डॉ. जॉन्सनने लिहिलेले छोटे चरित्र घालावे, म्हणजे बेलला मागे सारता येईल, असे त्यांनी ठरवले.

२९ मार्च १७७७ रोजी डेव्हिस, स्ट्राहन आणि कॅडेल हे तिघे प्रतिनिधी म्हणून जॉन्सनकडे आले. मोबदला त्यानेच सांगावा असे ठरले. त्याने दोनशे गिनी मागितल्या. हजार किंवा पंधराशे मागितल्या असत्या तरी त्या मिळाल्या असत्या, असे जाणकारांचे मत होते. पुढे दुकानदारांनी आपणहून आणखी शंभर गिनी दिल्या. जॉन्सनने कधी तक्रार केली नाही; त्यांनी कमी दिले नाही, आपणच जास्त लिहिले, अशी त्याची भूमिका होती.

कवींची निवड जॉन्सनची नव्हती. ती दुकानदारांची होती. त्यामुळे यादी काउलीपासून सुरू झाली. चॉसर नाही, स्पेन्सर नाही, एकही कवयित्री नाही. ज्यांची नावे आज अभ्यासकांखेरीज कोणास ठाऊक नाहीत असे अनेक जण मात्र यादीत आले. ब्लॅकमोर, वॉट्स, पॉम्फ्रेट आणि यॉल्डन एवढी नावे जॉन्सनच्या शिफारशीने घातली गेली. पिढ्यान्‌पिढ्या जी इंग्रजी काव्याची परंपरा म्हणून वाचली गेली, तिची चौकट अशी व्यापाऱ्यांच्या वहीखात्यातून आली होती. कोणाचे जीवन स्मरणात राहावे, हा प्रश्न अंशतः कोणाचे पुस्तक खपेल आणि कोणाचा हिस्सा कोणाकडे आहे यावर सुटत होता.

परंतु चौकटीत काय भरायचे, हे जॉन्सनच्या हाती होते. दुकानदारांना चारदोन पानांच्या प्रस्तावना हव्या होत्या. काउली, मिल्टन, ड्रायडन, पोप यांच्याविषयी लिहिताना त्यांची स्वतंत्र पुस्तके झाली. आधी जीवनवृत्त, मग स्वभाव, मग काव्याचे परीक्षण ही रचना त्याने रूढ केली. कवी काय खात, केव्हा उठत, कर्जाला कसा सामोरा जात, हेही त्याने सांगितले. मिल्टनच्या काव्याची थोरवी मान्य करूनही त्याच्या राजकीय मतांवर व घरगुती वागणुकीवर त्याने कठोर टीका केली. अनेक वाचक दुखावले. सॅव्हेजचे जुने चरित्र थोड्याफार बदलांनिशी याच मालेत आले.

या कामात त्याचा उजवा हात ठरला मुद्रक जॉन निकोल्स. तारीख हवी असो की दुर्मीळ पुस्तक, जॉन्सन चिठ्ठी पाठवी आणि निकोल्स ते शोधून देई. मजकूर तुकड्यातुकड्यांनी छापखान्यात जाई आणि मुद्रिते त्याच क्रमाने परत येत. हा निकोल्स स्वतः मोठा संग्राहक होता. आपला गुरू मुद्रक बॉयर याच्या आठवणींपासून सुरुवात करून त्याने पुढे अठराव्या शतकातील लेखक, मुद्रक व ग्रंथविक्रेते यांच्या माहितीचे अनेक खंड प्रसिद्ध केले. डेव्हिसनेही दिवाळे निघाल्यानंतर जॉन्सनच्या प्रोत्साहनाने गॅरिकचे चरित्र लिहिले आणि ते चांगले खपले. १७७९ मध्ये जॉन्सनच्या प्रस्तावनांचे पहिले चार खंड निघाले, १७८१ मध्ये उरलेले सहा. एकूण बावन्न कवी. त्याच वर्षी ती चरित्रे मालेपासून वेगळी काढून स्वतंत्रपणे छापली गेली आणि ‘लाइव्ह्ज ऑफ द पोएट्स’ या नावाने अजरामर झाली. ज्या कवितांसाठी त्या प्रस्तावना लिहिल्या, त्यांतील कित्येक विसरल्या गेल्या. प्रस्तावना मात्र राहिल्या.

वार्धक्यातील या सुमारासच केव्हातरी जॉन्सन एकटाच उटॉक्सिटरला गेला. बाजाराच्या जागी, जेथे बापाचा ठेला असे तेथे, तो टोपी काढून भर पावसात बराच वेळ उभा राहिला. पन्नास वर्षांपूर्वीच्या नकाराचे हे प्रायश्चित्त होते. लिचफील्डच्या चर्चमध्ये आई, वडील व भाऊ यांच्या स्मरणार्थ शिळा बसवण्याची व्यवस्था त्याने आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत केली. १३ डिसेंबर १७८४ रोजी त्याचे निधन झाले.

आता त्याच्याच चरित्रासाठी बाजार भरला. काही आठवड्यांतच कियर्स्ली या ग्रंथविक्रेत्याने घाईने लिहवून घेतलेले चरित्र विक्रीला ठेवले. १७८६ मध्ये श्रीमती पिओझी यांच्या आठवणी कॅडेलने काढल्या. पहिल्याच दिवशी साऱ्या प्रती संपल्या. ग्रंथविक्रेत्यांच्या विनंतीवरून सर जॉन हॉकिन्स याने १७८७ मध्ये चरित्र लिहिले. शेवटी मुद्रक हेन्री बॉल्डविन आणि प्रकाशक चार्ल्स डिली यांच्या साहाय्याने, पहिल्या भेटीच्या अठ्ठाविसाव्या स्मृतिदिनी, १६ मे १७९१ रोजी, बॉझवेलचा ग्रंथ दोन खंडांत बाहेर पडला. स्वामित्वहक्कासाठी हजार पौंड देऊ केले जात असता बॉझवेलने तो विकला नाही. चरित्रनायकाचे गुणदोष झाकू नयेत, ही जॉन्सनची शिकवण त्याने जॉन्सनच्याच बाबतीत पाळली.

या जीवनकथेचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले ‘रासेलस’चे मराठी भाषांतर त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी पुरे केले आणि पुढे आपल्या ‘निबंधमाले’त मराठी वाचकांना जॉन्सनचे चरित्रही सांगितले. त्याच विष्णुशास्त्र्यांनी पुण्यात चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना आणि किताबखाना यांच्या उभारणीत पुढाकार घेतला. लेखणीला स्वातंत्र्य हवे असेल तर खिळे, कागद आणि दुकान यांची व्यवस्था लागते, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

ग्रंथालयाच्या कपाटातील ग्रंथावर लेखकाचे नाव ठळक असते. मुद्रकाचे व विक्रेत्याचे नाव मुखपृष्ठाच्या तळाशी बारीक टाइपात असते. त्या बारीक टाइपातील माणसांनी यादी ठरवली, मर्यादा घातल्या, घाई केली आणि कधी कधी चुकाही करवल्या. पण भुकेल्या लेखकाला रात्रभर जागण्याचे कारणही त्यांनीच दिले. त्यांच्या चौकटीत माणसाचे खरे जीवन मांडण्याचे काम जॉन्सनने केले. उटॉक्सिटरच्या पावसात उभ्या राहिलेल्या त्या वृद्धाने बापाच्या ऋणाची कबुली दिली. त्या धंद्याचे ऋण फेडणारी कवींची चरित्रे तो आधीच लिहीत होता.